तैवानतात्या, तुझी आभाराची फेरी राहिली

“बंद करा त्यो माइक. मैनूभाऊजी, बंद करा म्हणते न्हवं?”

तात्या, तुझी बायको ओरडत होती. माइक चालू होता, त्यामुळं ते ओरडणं माझ्या चारही कर्ण्यांतून उजनीच्या पाण्यावर गेलं आणि पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्यांनी होड्या थांबवल्या. पलीकडच्या काठावरून आपला काठ दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी थांबवल्या.

तुला सावडायचा दिवस होता. गाव काठावर जमलेलं. राखेवर पाणी पडायच्या आत भाषणं सुरू झाली होती, कारण आपल्याकडं माणूस गेला की आधी पुढारी येतात आणि मग कावळे. बोलत होता बाळासाहेब, तुझा चुलतभाऊ. त्यानं तुला सरपंचकीला पाडून आठवडाही झाला नव्हता. “तात्यांचं अपूर्ण राहिलेलं स्वप्न मी पूर्ण करीन,” असं म्हणून त्यानं आवंढा गिळला होता. तुझं अपूर्ण राहिलेलं स्वप्न एकच, बाळासाहेबाला पाडायचं. ते तो स्वतः कसं पूर्ण करणार, हे ऐकायला मी फार आतुर होतो. पण तेवढ्यात सुमनवहिनी ओरडल्या आणि मी बटण दाबलं. मांडव माझा, माइक माझा, पण हुकूम त्यांचा.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, भाषणं नकोत. ह्यांची आभाराची फेरी राहिलीय. ती आधी करायची.

तुझा प्रशांत पुण्याहून आलेला, तो आईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला की आई, सुतकात गावभर माइक लावून फिरलीस तर लोक म्हणतील, नवरा गेला नाही तोवर ही उभी राहायला निघाली. सहानुभूतीची मतं मागतेय म्हणतील. भावकीनं माना हलवल्या. कुणीतरी सुतकाचं पुन्हा काढलं.

“सुतक आपल्याला हाय,” वहिनी म्हणाल्या. “मैनूभाऊजींला न्हाय.”

म्हणजे मी पकडला गेलो. तुझ्या सगळ्या निवडणुकांत तुझ्यासाठी ओरडणारा, जेऊरपासून करकंबपर्यंत लग्न, उरूस, वाढदिवस आणि प्रचार यांत फरक न करणारा मैनुद्दीन मांडववाला. तुझ्या माघारी आता तुझ्यासाठी ओरडायचं होतं, आणि ते आभार म्हणून पोचतं की मतांची भीक म्हणून, हे माझ्या गळ्यावर होतं. तात्या, मी बऱ्याच वेड्यावाकड्या सुपाऱ्या घेतल्यात. एकदा एकाच मांडवात एका नवरदेवाचा साखरपुडा आणि लगेच त्याच नवरदेवाचा दुसऱ्या मुलीशी साखरपुडा केलाय. पण असलं काम पहिलंच.

आणि ह्या सगळ्याला कारण ती बाई.

मी तिथं नव्हतो. पण तू ते इतक्या वेळा सांगितलंस की माझाच व्हिसा निघाला असावा असं मला वाटतं. शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात तू तैवानला गेलास, गुलाबी पेरूची कलमं बघायला. ज्या बागेत तुम्हाला नेलं, तिथं मालकाची मुलगी पेरूला पिशव्या बांधत होती. ती त्यांच्या गल्लीची मुखिया होती, म्हणजे आपल्याकडची वॉर्डातली पंच समज, आणि त्याच आठवड्यात नगरसेवकपदाला उभी होती. तिचं नाव मेई-काहीतरी. तू जेऊर स्टेशनात उतरेपर्यंत तिची मीराबाई झाली होती.

मीराबाई पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बस विमानतळाकडं निघाली आणि चौकात अडकली, कारण पुढं एक छोटा टेंपो संथ चालला होता. टेंपोच्या पाठीमागं मीराबाई उभी, अंगावर तिरका पट्टा, आणि स्कूटरवरनं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ती कमरेत वाकून नमस्कार करत होती. तुला वाटलं निवडून आली. तू दुभाष्याला विचारलंस. तो म्हणाला, पडली.

“मग आभार कशाचे?”

“मतं पडली त्याचे,” दुभाष्या म्हणाला.

तू बसमधून उतरलास. चालत्या बसमधून उतरलास असं तू सांगायचास, पण बस अडकली होती हेही तूच सांगायचास. टेंपोच्या मागं मागं चालत तूही लोकांना हात जोडलेस. तिथल्या लोकांनी तुलाही हात जोडले. त्यांना वाटलं असेल, पडलेल्या बाईचा कुणी काळासावळा मेव्हणा आलाय. विमान तुझ्यासाठी थांबलं, असं मी गावात सांगितलंय. ते खोडू नकोस.

परत आल्यावर तू गुलाबी पेरू लावलास, आणि पेरूला फळ धरायच्या आत निवडणुकीला उभा राहिलास. कपबशी चिन्ह. पडलास. मला म्हणालास, मैन्या, टेंपो काढ. मी म्हटलं, मिरवणूक बाळासाहेबाची आहे. तू म्हणालास, आभाराला जायचंय.

ती पहिली फेरी मी मेलो तरी विसरणार नाही. आपल्याकडं पडलेला माणूस दारात आला याचा अर्थ एकच: कुणी दगा दिला ते शोधायला आलाय, आता भंडारा उचलायला लावणार. तू पहिल्या दारात हात जोडलेस तर त्या घरची म्हातारी देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेऊनच बाहेर आली आणि तू तोंड उघडायच्या आत खंडोबाची शपथ घेऊन मोकळी झाली. म्हणाली, तुलाच दिलं रं लेकरा. तू “आभारी आहे” म्हणालास. ते शेजाऱ्यांनी ऐकलं. मग काय, आपण पोचायच्या आधी प्रत्येक उंबऱ्यावर माणसं हातात पिवळी पूड घेऊन उभी. तू वाकायचास आणि समोरचा शपथ घ्यायचा. दुपारपर्यंत गल्ली पिवळी, कुत्री पिवळी, माझे कर्णे पिवळे. बाळासाहेबाच्या बायकोनंसुद्धा भंडारा उचलला. संध्याकाळपर्यंत तुला गावातल्या मतदारांपेक्षा जास्त मतं पडली होती. आणि बाळासाहेब मात्र निवडून येऊन झोपेना. सगळ्यांनी तात्याला दिलं तर मला कुणी दिलं, म्हणून निवडून आलेल्या त्या माणसानं फेरमोजणी मागायची तयारी केली, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो.

तू मात्र त्या दिवशी हिरमुसलास. शपथा नको होत्या तुला. म्हणालास, तिथं त्या बाईला कुणी शपथ घेऊन दाखवली नाही. स्कूटरवाले नुसते मान हलवून जात होते. मी म्हटलं, तात्या, ते तैवान, हे करमाळा तालुका. तिथं पेरूला पिशवीत बांधतात, इथं माणसाला शपथेत.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं साधं होतं. आभार जिंकणाऱ्यानं मानायचे. पडलेल्यानं घरी बसून दोन दिवस तोंड लपवायचं, मग ज्यानं पाडलं त्याच्याशी सोयरीक जमवायची. ही आपली रीत आहे आणि ती चांगली चालली आहे. तू म्हणायचास, जिंकणाऱ्याचे आभार म्हणजे गुलाल उधळायला मिळालेलं निमित्त. पडल्यावर जो वाकतो त्याचंच वाकणं खरं. मी म्हणायचो, खरं असेल, पण कंबर कुणाची मोडती?

दुसऱ्या वेळी छत्री, तिसऱ्यांदा शिट्टी, मध्ये एकदा सोसायटीला गॅस सिलेंडर. तू पडत गेलास आणि मी टेंपो काढत गेलो. तहसिलातली चिन्हं संपत आली असं मी लोकांना सांगायचो. पण एक झालं, तात्या, ते मी तुझ्यापाशी कधी कबूल केलं नाही, कारण कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं. लोकांनी भंडारा आणायचं सोडलं. तू वाकलास की ते आता तक्रार सांगू लागले. निवडून आलेला गल्लीत परत येत नाही, पण पडलेला येणारच, हे त्यांना कळलं होतं. खांबावरचा दिवा, विजेची जळालेली डीपी, सुनेचं रेशनकार्ड, सासूचं डोकं. तू सगळं ऐकायचास आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला मोटारसायकलवर मागं बसवून करमाळ्याला घेऊन जायचास. वीज कार्यालयातल्या साहेबाला तू सरपंच वाटायचास. खऱ्या सरपंचाला त्यानं कधी बघितलंच नव्हतं. शेवटी शेवटी तर गावात बोललं जायचं, तात्याला पाडा, न्हायतर आभाराला येणार कोण. हे मात्र मी रचलेलं नाही. हे मी माझ्या कानांनी पानटपरीवर ऐकलंय.

तिकडं मीराबाई वर चढत होती. तू फोनवर तिचं सगळं बघायचास, आणि फोन ते मराठीत करून द्यायचा. “मी तुमच्या गल्लीच्या पायांची बादली आहे” हे तिचं वाक्य तू मला पेरूच्या बागेत उभं करून दोनदा वाचून दाखवलंस. मी हसलो तर तू चिडलास. म्हणालास, भाव बघ. ती नगरसेवक झाली. परत झाली. महापौरपदाला उभी राहिली आणि पडली, तेव्हा तू उपाशी राहिलास आणि मग तिच्या टेंपोचा व्हिडिओ आल्यावर जेवलास. मग ती त्यांच्या मोठ्या सभागृहात गेली. तिथं एकदा खुर्च्या उडाल्या, कुणी कुणाच्या अंगावर चढलं, तो व्हिडिओ तू सगळ्या गावाला दाखवलास. केवढा अभिमान होता तुझ्या तोंडावर. “आपल्या झेडपीसारखंच हाय की,” म्हणालास.

तिला तू माहीत नव्हतास. तिच्या टेंपोमागं एक सकाळ चाललेला सोलापूर जिल्ह्यातला माणूस तिच्या प्रत्येक पराभवाला उपास धरतो, हे तिला कुणी सांगितलं नसणार. मी एकदा म्हटलं, तिला कळव. तू म्हणालास, कशाला, उगाच आभार मानत बसंल.

आणि मग ती मोठ्या सभागृहातूनही पडली. मी म्हटलं, झालं, आता कुठल्या तरी साखर कारखान्यावर चेअरमन होईल. तिथं साखर कारखाने नसतील तर पेरूचे असतील. पण पुढच्या निवडणुकीला ती परत गल्लीची मुखिया व्हायला उभी राहिली. जिथनं निघाली तिथं. आणि निवडून आली. तू तो फोटो मला दाखवलास. आपल्याकडं आमदार पडला की पडीक राहतो, पण पंच होत नाही, असं मी म्हटलं. तू म्हणालास, पायरी खालची-वरची नसती मैन्या, पाय असतो. मला ते काही पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्याच आठवड्यात तू सरपंचकीचा अर्ज भरलास, आणि ह्या खेपेला जिंकणार अशी हवा झाली.

हवा खरी होती. मी इतक्या प्रचारांत ओरडलोय, मला आवाजावरून कळतं. ह्या वेळी लोक माझा टेंपो आला की दारं लावत नव्हते. तू जिंकत आला होतास आणि चार-दोन घरांनी पडलास.

निकालाच्या दिवशी दुपारी आपण टेंपोपाशी उभे होतो. तिकडं बाळासाहेबाचा गुलाल, इकडं मी वायर गुंडाळतोय. तू चहा पीत होतास आणि उद्या कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची ते सांगत होतास, जणू काही झालंच नाही. मला राग आला. मी म्हटलं, तात्या, तुला पडायची चटक लागलीय. आभाराची फेरी काढता यावी म्हणून तू पडतोस. तू हसलास. मग मी विचारलं, आज निवडून आला असतास तर उद्या फिरला असतास का? गुलाल नाही, हलगी नाही, नुसता वाकत, दारोदार?

तू कप टेंपोच्या फळीवर ठेवलास, अर्धा भरलेला. माझ्याकडं बघितलंस. आणि बागेकडं निघून गेलास. मी मागनं ओरडलो, उत्तर देऊन जा. गावातला सगळ्यात मोठा आवाज माझा. तुला ऐकू गेलं नाही असं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो तुझ्या दारात लावून मी कर्णे बांधत होतो तेव्हा बागेकडनं माणसं पळत आली. पेरूच्या ओळीत तू बसल्यासारखा होतास म्हणे. पडलास की ती रात्र तू बागेतच जागून काढायचास; काही म्हणतात रात्रीच गेलास. डॉक्टर म्हणाले हृदय. मी तेव्हापासून एका जागी बसू शकलेलो नाही, तात्या. मांडवाचे खांब मोजतो, सोडतो, परत मोजतो. गाडी चालू करतो, बंद करतो. विचारलं याचं मला वाईट वाटत नाही. विचारायलाच हवं होतं. पण माणूस भांडणाच्या मध्येच उठून गेला की दुसऱ्यानं हातातलं वाक्य ठेवायचं कुठं?

तर त्या सावडायच्या दिवशी, भावकीला तिथंच सोडून, वहिनी टेंपोच्या मागं चढल्या. घरून त्यांनी तुझा पट्टा आणला होता, तो पांढऱ्या टॉवेलचा, ज्यावर तू लाल रंगानं “आभारी आहे” असं रंगवून घेतलं होतंस आणि “री” आखलेल्या रेघेबाहेर गेली होती. तो त्यांनी अंगावर तिरका घेतला. प्रशांत आधी बाजूला उभा राहिला. मग टेंपोच्या मागं पायी चालायला लागला.

मी माइक हातात घेतला आणि माझी जीभ अडकली. “तात्या आभारी आहेत” म्हणू की “होते”? जन्मभर मी “प्रचंड बहुमतानं” हे दोनच शब्द पाठ केलेत. शेवटी “आहेत” म्हटलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

पहिल्या गल्लीत दारं बंद होती. बातमी टेंपोच्या पुढं धावली होती, की वहिनी उभ्या राहणार. खिडक्यांतनं डोळे दिसत होते. मला प्रशांतचं बरोबर वाटायला लागलं. चौकात बाळासाहेबाचा एक माणूस हॉटेलच्या बाकड्यावर बसून म्हणाला, “वहिनी, पुढच्या बारीला चिन्ह कुठलं घेताय?” बाकड्यावरचे दोघे हसले.

वहिनींनी टेंपो थांबवायला सांगितला. खाली उतरल्या. त्या बाकड्यापाशी गेल्या आणि तुझ्यासारख्याच कमरेत वाकल्या, तात्या, अगदी तुझ्यासारख्या, हात गुडघ्यांना लावून. म्हणाल्या, चिन्ह न्हाय. मत दिलं असंल तर आभार. न्हाय दिलं तरी त्यांचं ऐकून घेतलंत, त्याचे आभार. मग सरळ झाल्या आणि टेंपोत येऊन बसल्या. त्या माणसानं टोपी काढली आणि ती परत कुठं घालायची हे त्याला सुचेना.

दुसऱ्या गल्लीत एक दार उघडं होतं. सखुआत्या उंबऱ्यात बसली होती. तिनं सवयीनं सुरू केलं, तात्याला सांग, खांबावरचा दिवा परत गेलाय, लई अंधार पडतो. म्हणता म्हणता तिला आठवलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. वहिनी म्हणाल्या, “सांगा की आत्या. कुठला खांब?” आत्यानं सांगितलं. मागनं येणाऱ्या प्रशांतनं खांबाकडं बघितलं. आणि मग दारं उघडायला लागली. शेवटच्या गल्लीपर्यंत माझा आवाज बसला, जो आजवर उसाच्या हंगामात सलग तीन लग्नं करून बसला नव्हता.

बाळासाहेबाचं घर शेवटी. तो दारात उभा होता, पांढऱ्या कपड्यात, फोटोवाला सोबत होताच. वहिनी टेंपोतून उतरल्या, त्याच्यापुढं वाकल्या आणि म्हणाल्या, “ह्यांना मत दिलंत, आभारी आहे.”

“वहिनी, आमी न्हाय दिलं,” बाळासाहेब म्हणाला. खोटं बोलायला त्याला तेवढा वेळ मिळाला नाही.

“म्हाईत हाय,” वहिनी म्हणाल्या, आणि परत वाकल्या.

तात्या, मग बाळासाहेब वाकला. कमरेत नाही, त्याचं पोट तेवढी परवानगी देत नाही, पण मान खाली गेली. फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना गावाबाहेर मी टेंपो थांबवला. तुझी बाग तिथनं दिसते. पिशव्या बांधलेले पेरू झाडाझाडावर, कुणी काढायला आलेलं नाही. वहिनी फळीवर बसून पाय चेपत होत्या. पट्टा काढून त्यांनी घडी घालायला घेतली होती. माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं, त्या दुपारपासून, आणि ते ठेवायला आता एकच माणूस उरलं होतं.

मी विचारलं, “वहिनी, ह्या खेपेला तात्या निवडून आला असता, तर आभाराला असा फिरला असता का?”

वहिनींनी घडी पुरी केली.

“न्हाय,” म्हणाल्या. “झोपले असते.”